मायकोरायझाच्या पुडीत नेमकं कोण असतं?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. थिसिसचं तिसरं प्रकरण आणि मध्येच झालेला लॅबमधला एक घोळ, यात चार महिने कसे गेले कळलं नाही. आज त्या घोळाबद्दलच लिहायचं आहे, पण सुरुवात घरून आलेल्या एका फोनपासून करते.

जुलैमध्ये आडसाली उसाच्या लागणी चालू होत्या तेव्हा आण्णांचा फोन आला. आमचं गाव कोऱ्हाळे बुद्रुक, नीरा-बारामती रस्त्यावरचं. आण्णा कृषी सेवा केंद्रात उभे होते.

"अगं, हा म्हणतोय मायकोरायझा टाका, क्षारपड रानातसुद्धा ऊस येतोय. तू त्याच्यातच पीएचडी करतीयस ना? मग सांग, ह्या पुडीत नेमकं कोण हाय?"

"बुरशी असते आण्णा, मुळांबरोबर राहणारी."

"ते झालं. पर कुठली? कुठनं आणलीय?"

पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा म्हटलं. त्यांनी अक्षरं जुळवत वाचलं, "ग्लोमस". पुढे काही नाही. चार वर्षं याच विषयात घालवलेली मुलगी फोनवर गप्प बसली, कारण "कोण हाय" या प्रश्नाचं सरळ उत्तर तिच्याकडे नव्हतं.

आमच्या कालव्याखालच्या रानाचा एक कोपरा पांढरा पडत चाललाय. आजोबांच्या काळात तिथं ४१९ ऊस यायचा, मग ७४० आला. आता खारवट रानात तग धरणारा म्हणून फुले २६५ लावतो, तरी तिथं उगवण विरळच. दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकायचे, त्याला मोठा खर्च. दुसरी ही पुडी, काही शेकड्यांत मिळणारी. म्हणून आण्णांचा प्रश्न मला सहज विचारलेला वाटला नाही.

त्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं. माझ्या वहीत १८८५ हे साल दोनदा लिहिलेलं आहे, दोन वेगळ्या कारणांसाठी.

पहिलं कारण आमच्या दारातलं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात कालव्यांच्या कामांना जोर आला. नीरा डावा कालवा त्यातलाच. वीरपासून निघतो, नदीच्या उत्तर अंगानं बारामतीवरून इंदापूरकडे जातो, लांबी सुमारे १६० किलोमीटर. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. वरचं भाटघरचं धरण पुरं व्हायला १८९२ उजाडलं. कालवा आणि नदी यांच्यामधल्या काळ्या रानात, जिथं तोवर ज्वारी-बाजरी होती, तिथं बारमाही पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला.

पण पाणी आलं तसं ते मुरायलाही लागलं. कालव्याचा पाझर, त्यात शेतात गरजेपेक्षा जास्त दिलेलं पाणी, आणि खाली निचरा न होणारी भारी काळी माती. भूजल वर चढलं. उन्हानं पाणी उडून जायचं, त्यातले क्षार मात्र पृष्ठभागावर राहायचे. आजी म्हणते तसं, रानाला मीठ फुटलं. हे इतक्या लवकर झालं की १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक स्वतंत्र बुलेटिन काढलं. लिहिणारे होते हॅरल्ड मॅन, तेव्हाचे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल, आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच! आमच्या रानातला तो पांढरा कोपरा काही आजचा नाही, त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

पुढे १९३२ साली नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथल्या लोकांनी कालव्याखालच्या जमिनींचे थर खणून पाहिले, त्यांचं वर्गीकरण केलं. १९९६ मध्ये आलेला को ८६०३२ हा वाण तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. माती आणि ऊस या दोन्हींचा आमच्या भागात इतका अभ्यास झालाय. त्या दोघांच्या मधोमध राहणारी बुरशी मात्र बराच काळ कुणाच्या नजरेत नव्हती.

वहीतलं दुसरं १८८५ या बुरशीचं आहे. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक हा बर्लिनमधला वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या, जमिनीखाली येणाऱ्या महागड्या खाण्याच्या बुरशीची लागवड करता येते का, हे हवं होतं. फ्रांकला ट्रफल काही पिकवता आली नाही. पण झाडांची मुळं उकरताना त्याला दिसलं की मुळांच्या टोकांवर बुरशीचं आवरण आहे आणि झाडं तरीही ठणठणीत आहेत. बुरशी म्हणजे रोग, हा त्या काळचा पक्का समज. त्यानं उलटं म्हणायचं धाडस केलं की ही बुरशी झाडाला मातीतून अन्नपाणी आणून देते. नाव दिलं मायकोरायझा. ग्रीकमध्ये बुरशी आणि मूळ, दोन्ही एकाच शब्दात.

फ्रांकची बुरशी मुळावर बाहेरून पांघरूण घालते, पाइन, ओक अशा झाडांना. उसाच्या, ज्वारीच्या, गव्हाच्या, कांद्याच्या मुळातली बुरशी वेगळी. ती बाहेरून दिसत नाही, मुळाच्या पेशींच्या आत शिरते. १८९० च्या दशकात यान्स या डच शास्त्रज्ञानं जावा बेटावरच्या कितीतरी वनस्पतींच्या मुळांत ती पाहिली. १९०५ मध्ये गालो या फ्रेंच संशोधकानं पेशीच्या आत ती फांद्या फुटल्यासारखी पसरते तिथं तिला 'आर्बस्क्यूल' हे नाव दिलं. म्हणजे इवलंसं झाड. मुळाच्या एका पेशीत मावणारं झाड! सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मैत्रिणीला ओढून आणून दाखवलं होतं.

देवाणघेवाण इथंच होते. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद असतं, पण ते चुन्याशी बांधलेलं. मुळाच्या आजूबाजूचं मिलीमीटर-दोन मिलीमीटरमधलं स्फुरद संपलं की मूळ उपाशी. बुरशीचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक, ते त्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन स्फुरद आणतात. बदल्यात झाड साखर देतं. २०१७ मध्ये हेही नक्की झालं की झाड तिला तेलसुद्धा देतं, कारण स्वतःची स्निग्धाम्लं बनवायची जनुकं या बुरशीकडे नाहीतच. झाड जेवढा कार्बन बांधतं त्यातला ४ ते २० टक्के या व्यवहारात जातो असा अंदाज दिला जातो. फुकटात काही नाही.

यात भारताचा एक धागा आहे, तोही सांगते. बिहारमधल्या पुसा इथं अनेक वर्षं पिकांच्या रोगांवर काम केलेले ई. जे. बटलर, म्हणजे उसाच्या तांबेरा-लालकुजीचे वगैरे जाणकार, त्यांनी १९३९ मध्ये या मुळातल्या बुरश्या नेमक्या कुठल्या कुळातल्या यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यात उसाच्या मुळातल्या मायकोरायझाचा उल्लेख आहे. हॉवर्डनी या बुरशीच्या खांद्यावर जरा जास्तच ओझं टाकलं असं माझं मत आहे. शेणखत आणि रासायनिक खत यांच्या सगळ्या भांडणात तिला साक्षीदार म्हणून उभं केलं. पण उसाची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला त्यांनी लावलं, हे खरं.

अडचण अशी की ही बुरशी प्रयोगशाळेत एकटी वाढतच नाही. पाव शिळा झाला की त्यावर जी बुरशी येते तिला काही लागत नाही, हिला जिवंत मूळ लागतं. इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांनी १९५० च्या दशकात स्ट्रॉबेरीच्या मुळांवर काम करून दाखवलं की मातीत सापडणारे ठरावीक मोठे बीजाणू आणि मुळातली ही बुरशी एकच. मग १९६३ मध्ये गेर्डेमान आणि निकोल्सन यांनी बीजाणू वेगळे करायची सोपी पद्धत दिली. माती पाण्यात कालवा, जड कण खाली बसू द्या, वरचं पाणी एकाखाली एक अशा बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून ओता. आजही आम्ही हेच करतो. घरी पहिल्यांदा केलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकून चिखलच चाळायचा व्हता?"

बीजाणू हातात आले तसं त्यांच्या रंगरूपावरून, भिंतीच्या थरांवरून नावं देणं सुरू झालं. गोव्यात प्रा. बी. एफ. रॉड्रिग्ज यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय, गोव्यातल्या या बुरश्या ओळखायची त्यांची पुस्तिका माझ्या टेबलावर कायम असते. पण रूपावरून नाव देण्यात फसगतही होते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जिच्यावर जगात सर्वांत जास्त संशोधन झालं तीच बुरशी. तिचा मूळ नमुना कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या पाँ-रूज या गावचा, क्रमांक डीएओएम १९७१९८. १९८० च्या दशकात गाजराच्या मुळांचे तुकडे बरणीत वाढवून त्यावर बुरशी वाढवायची पद्धत आली, तेव्हा हा नमुना तिथं सहज वाढला. मग सगळ्यांनी तोच वापरला. आपल्याकडेही दिल्लीच्या टेरी या संस्थेनं मुळांच्या अशाच कल्चरवर मायकोरायझा बनवायचं तंत्र विकसित करून कंपन्यांना दिलं.

त्या कॅनेडियन नमुन्याला वर्षानुवर्षं 'ग्लोमस इंट्राराडिसेस' म्हटलं जायचं. ते नाव मुळात १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या संत्रावर्गीय झाडांच्या मुळातल्या एका बुरशीला दिलेलं होतं. २००९ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की दोन्ही एक नाहीतच! आज त्या कॅनेडियन बुरशीला 'रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस' म्हणतात. म्हणजे शेकडो शोधनिबंधांत नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. आण्णांच्या पाकिटावर तर नुसतं 'ग्लोमस' लिहिलेलं.

आता लॅबमधल्या घोळाकडे येते.

मी आमच्या रानातल्या मातीतून एक बीजाणू उचलला. फक्त एक. बारीक पिपेटनं, दहा वेळा धुऊन. तो फोडला, त्यातला राइबोसोमचा डीएनए पीसीआरनं वाढवला, त्याचे तुकडे वेगळे करून प्रत्येकाचं वाचन करून घेतलं. एका जिवाचा एकच क्रम यावा अशी अपेक्षा. आले वेगवेगळे. फार नाही, थोडे-थोडे वेगळे, पण वेगळे. मॅडम म्हणाल्या, "कंटॅमिनेशन असेल, परत कर." परत केलं. तेच. तिसऱ्यांदाही तेच. अशा गोष्टी होतात हे मी वाचलेलं होतं, नाही असं नाही. पण आपल्याच स्क्रीनवर आलं की पहिल्यांदा आपला हात चुकलाय असंच वाटतं. दोन महिने मी पिपेटच्या टिपा बदलत होते.

स्वित्झर्लंडमध्ये इयान सँडर्स आणि सहकाऱ्यांनाही नेमकं हेच दिसलं होतं, १९९५ मध्ये. एकाच बीजाणूत राइबोसोमच्या डीएनएचे एकापेक्षा जास्त प्रकार. त्यांनी ते चूक म्हणून सोडून दिलं नाही. त्यातून वीस वर्षांचं भांडण सुरू झालं.

भांडण कशावरून, ते कळायला या बुरशीचं अंग कसं आहे ते पाहायला हवं. आपल्या शरीरात साधारणपणे एका पेशीत एक केंद्रक, त्यात आपला डीएनए. या बुरशीच्या धाग्यांना आडव्या भिंती जवळजवळ नसतात. एखाद्या लांबच लांब ओसरीवर मधल्या भिंतीच न घालता हजारो माणसं राहावीत, तशी एकाच नळीत हजारो केंद्रकं वाहत असतात. बीजाणू बनतो तेव्हा त्यात एकच केंद्रक जात नाही, शेकड्यांनी जातात, काहींत हजारांनी. आपण सगळे एका पेशीतून वाढलो, म्हणून आपल्या सगळ्या पेशींतला डीएनए जवळपास सारखा. या बुरशीच्या आयुष्यात एकाच केंद्रकापासून सुरुवात करायचा टप्पाच दिसत नाही. मग ती सगळी केंद्रकं एकाच घरची आहेत की वेगवेगळ्या घरची?

त्यात आणखी एक कोडं होतं. या बुरशीत नर-मादी, मीलन, असलं काहीच कुणी पाहिलेलं नव्हतं. स्कॉटलंडमधल्या रायनीच्या खडकांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतीच्या पेशींत आर्बस्क्यूल सापडलेत, तेही आजच्यासारखेच. इतकी वर्षं लैंगिक पुनरुत्पादनाशिवाय कुणी टिकतं का? मीलन नसलं की चुकीचे बदल साठत जातात, नव्या जुळण्या होत नाहीत, असं जीवशास्त्र सांगतं. या बुरश्यांना 'प्राचीन अलैंगिक' म्हटलं जाऊ लागलं, थोडं अविश्वासानंच. कदाचित एकाच अंगात वेगवेगळ्या घरची केंद्रकं बाळगणं हीच त्यांची युक्ती असेल, असा तर्क पुढे आला.

२००१ मध्ये सँडर्स, मोहामेद हिजरी आणि कून यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की चमकणारे रंग लावल्यावर डीएनएचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या केंद्रकांत दिसतात. म्हणजे ओसरीवर अनेक घरची माणसं. २००४ मध्ये, तेही 'नेचर'मध्येच, अमेरिकेतल्या तेरेसा पावलोव्स्का आणि जॉन टेलर यांनी उलटं मांडलं. त्यांनी एका जनुकाचे डझनभर प्रकार पिढ्यान्‌पिढ्या तपासले. केंद्रकं वेगवेगळी असती तर वाटणीत कुठल्या तरी बीजाणूत एखादा प्रकार गळायला हवा होता. एकही गळला नाही. म्हणजे सगळे प्रकार प्रत्येक केंद्रकातच असणार. माणसं एकाच घरची, प्रत्येकाच्या खिशात सगळ्या किल्ल्या. २००५ मध्ये हिजरी आणि सँडर्स यांनी परत उत्तर दिलं की एका केंद्रकात एवढ्या प्रती मावतील इतका डीएनएच त्यात नाही. त्या काळातले निबंध ओळीनं वाचले की गावच्या बांधाच्या भांडणासारखे वाटतात. दोघांकडे मोजणीचा नकाशा आहे आणि दोघांचाही नकाशा खरा आहे.

इथं मला उसाची आठवण येते. उसाला बी धरतच नाही, असं शेकडो वर्षं मानलं जायचं. कांडी लावायची, तिच्यापासून ऊस, त्याची परत कांडी. मग १८८७-८८ मध्ये जावा आणि बार्बाडोसमध्ये उसाच्या बीपासून रोपं आली, ती ओळखली गेली आणि जगातलं उसाचं सगळं प्रजनन तिथून सुरू झालं. बार्बाडोसमध्ये तर अशी रोपं १८५८ मध्येच दिसल्याचं सांगितलं गेलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. कोइमतूरचं केंद्र १९१२ चं. को ४१९ काय, को ८६०३२ काय, सगळी त्याच शोधाची नातवंडं.

बुरशीच्या बाबतीतही तसंच काहीसं झालं. २०११ मध्ये या बुरश्यांच्या डीएनएत मिओसिसला, म्हणजे लैंगिक पेशी बनवताना लागणाऱ्या विभाजनाला, आवश्यक असलेली जनुकं जवळपास सगळी शाबूत सापडली. वापरायचीच नसतील तर चाळीस कोटी वर्षं सांभाळली कशाला? २०१३ मध्ये त्या कॅनेडियन नमुन्याचा जीनोम वाचून झाला, सुमारे १५ कोटी अक्षरांचा. २०१४ मध्ये त्याची एकेक केंद्रकं वेगळी काढून वाचली. जवळपास सगळी सारखी! पावलोव्स्कांचा पक्ष जिंकला असं वाटलं.

मग २०१६ मध्ये ओटावाच्या निकोला कोराडींच्या गटानं याच जातीचे अनेक नमुने शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्यांतले बरेचसे स्वित्झर्लंडमधल्या टेनिकोन इथल्या एकाच शेतातले. काही नमुन्यांत एकाच प्रकारची केंद्रकं होती. काहींत दोन प्रकारची, सरमिसळ. आणि ती दोन कशात वेगळी, तर इतर बुरश्यांमध्ये जो भाग मीलनासाठी जोडीदाराचा प्रकार ठरवतो तिथंही. म्हणजे दोन वेगळे 'पालक' कधीतरी एकत्र आले आणि त्यांची केंद्रकं एकाच अंगात नांदू लागली. २०१८ मध्ये या दोन प्रकारांच्या केंद्रकांत डीएनएची थोडी अदलाबदल झाल्याचेही पुरावे आले. प्रत्यक्ष मीलन अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण 'अलैंगिक' हा शिक्का आता कुणी ठामपणे मारत नाही.

ओसरीवर एकाच घरची माणसं असू शकतात, दोन घरचीही असू शकतात. हजार घरची मात्र नाहीत. भांडणाऱ्या दोघांना दिसलं ते खोटं नव्हतं, पण ज्या नमुन्यांवर ते पाहत होते ते वेगळे होते, जातीसुद्धा वेगळ्या होत्या.

आणि माझ्या बीजाणूतले ते वेगवेगळे क्रम? २०१८ मध्येच जपानी गटानं कॅनेडियन नमुन्याचा जीनोम अधिक नीट जुळवला. इतर जिवांत राइबोसोमच्या जनुकाच्या शेकडो प्रती एका ओळीत असतात आणि त्या एकमेकींना सारख्या ठेवतात. या बुरशीत त्या दहाच्या आसपास, विखुरलेल्या आणि एकमेकींपासून थोड्या वेगळ्या. म्हणजे ज्या निरीक्षणावरून १९९५ मध्ये सगळं सुरू झालं, तशी विविधता एकाच केंद्रकाच्या आतसुद्धा असू शकते. माझा हात चुकला नव्हता. पण त्यावरून मी "दोन घरची केंद्रकं सापडली" असंही म्हणू शकत नाही. त्यासाठी एकेक केंद्रक वेगळं काढून वाचावं लागेल. तेच आता चौथं प्रकरण आहे.

याचा शेतीशी काय संबंध, असं सेमिनारमध्ये मला एका सरांनी विचारलं होतं. संबंध आहे, आणि चांगलाच आहे. २०१० मध्ये सँडर्सच्या गटानं एकाच बुरशीच्या एकेका बीजाणूपासून वेगवेगळ्या ओळी वाढवल्या. प्रत्येक ओळीला केंद्रकांचा थोडा वेगळा वाटा आला. त्या भाताला दिल्या, तर एका ओळीबरोबर भात दुसरीपेक्षा पाचपटीपर्यंत जास्त वाढला. जात एक, मूळ नमुना एक, परिणाम इतका वेगळा. २०२१ मध्ये दिसलं की दोन प्रकारची केंद्रकं असलेल्या बुरशीत त्यांचं एकमेकांशी प्रमाण सोबतच्या वनस्पतीनुसार बदलतं. पीक बदललं की ओसरीवर कुणाची माणसं जास्त, तेही बदलतं.

आता आमच्या रानाचा विचार करा. जमिनीवर सगळा ऊस एकाच कांडीची संतती. एका वाणाचा प्रत्येक ऊस दुसऱ्याची नक्कल. लागण, मग खोडवा, कधी मध्ये गहू-हरभरा. शंभर वर्षांहून जास्त काळ पाणी आणि त्यातून क्षार. या सगळ्यात मातीतली बुरशी तगली आहे, मी तिला चाळणीत पाहिलंय. ती आमच्या मीठ फुटलेल्या मातीत राहून तयार झालेली आहे. पाँ-रूजला असलं काही नाही, तिथं बर्फ पडतो.

आपल्या खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाला जैविक खत म्हणून मान्यता आहे आणि त्यासाठी दर ग्रॅममागे किमान १०० जिवंत कण हवेत असा निकष आहे. म्हणजे किती आहेत ते मोजतात. त्यांच्यात कुणाची केंद्रकं आहेत, हे मोजायची पद्धत कायद्याच्या कागदावर नाही, आणि खरं सांगायचं तर कमी खर्चात करता येईल अशी प्रयोगशाळेतही अजून नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आण्णांना एवढं सगळं सांगितलं नाही, निम्मं सांगितलं. एक मात्र स्पष्ट बोलले, की मायकोरायझा मिठाचं पाणी बाहेर काढत नाही. झाडाला थोडी कळ सोसायला मदत करील, पण निचऱ्याच्या जागी पुडी चालत नाही. हे मॅन आणि तम्हाणे यांच्या काळापासून तेच आहे, पाणी बाहेर गेलं पाहिजे. आणि लागणीला एवढं डीएपी ओतलं तर उसाला बुरशीची गरजच वाटत नाही, तो तिला मुळात फारसं शिरूच देत नाही. मग पुडीचे पैसे वाया.

"मग आणू का नको?"

"चार सऱ्यांना टाका, शेजारच्या चार तशाच सोडा. डीएपी दोन्हीकडे कमी. तोडणीला दोन्हीचं वजन वेगळं करून बघा."

"आन् पाइपाचं पैसं तू देणार?"

यावर मी काही बोलले नाही. आम्ही दोघं रानात गेलो. चांगल्या उसाखालची माती, मग पांढऱ्या कोपऱ्याच्या कडेला जिथं नुसती हरळी तग धरून आहे तिथली, आणि मग अगदी मधली, जिथं हरळीही नाही. आण्णांनी खुरप्यानं हरळीची मुळं मातीसकट उपसून दिली, मी पिशव्यांवर मार्करनं तारीख आणि जागा लिहिली. मधल्या जागेची पिशवी भरताना ते म्हणाले, "ह्यात काय सापडतंय बघ, मग मला फोन कर."

पिशव्या आता लॅबच्या फ्रिजमध्ये आहेत. चाळणी सोमवारी लावायची आहे.